पेट्रोल गाडीतील ठिणगीची वेळ : डिस्ट्रिब्युटर व सेन्सर यांचे कार्य

भाजीपाला, फुले व दूध बाजारात नेण्यासाठी खेडोपाडी आता लहान पेट्रोल गाड्यांचा वापर मोठ्या प्रमाणावर होत आहे. कोणाकडे जुनी मारुती व्हॅन असते, कोणाकडे सी. एन. जी. वर चालणारा छोटा मालवाहू टेम्पो असतो. पहाटे टोमॅटोचे क्रेट भरून निघालेली अशी गाडी घाटाच्या मध्यावर एकाएकी बंद पडावी, अर्धा तास उभी राहिल्यावर काहीही न करता सुरू व्हावी आणि थोड्या अंतरावर पुन्हा बंद पडावी, हा अनुभव पुष्कळांना आलेला असतो. बाजार समितीतील सौदे कोणासाठी थांबत नाहीत. उशिरा पोहोचलेला माल पडेल त्या भावाने द्यावा लागतो. त्यानंतर गाडी गॅरेजमध्ये जाते. प्रथम प्लग बदलले जातात, मग कॉइल, मग बॅटरी व शेवटी पेट्रोलचा पंप. पैसा खर्च होतो व दोष मात्र होता तेथेच राहतो. कारण मूळ दोष पुष्कळदा बोटाएवढ्या एका सेन्सरमध्ये किंवा त्याच्या सैल जोडणीत असतो.

हा खर्च टाळावयाचा असेल तर दोन प्रश्न वेगळे ठेवावयास शिकले पाहिजे. प्लगवर ठिणगी पडते काय, हा पहिला प्रश्न. आणि पडत असल्यास ती योग्य वेळी पडते काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणताही मिस्त्री पाच मिनिटांत देऊ शकतो. दुसऱ्या प्रश्नाकडे मात्र बहुधा दुर्लक्ष होते, आणि इंजिनाचे मोठे नुकसान होते ते त्यामुळेच.

येथे एक गोष्ट प्रथमच सांगितली पाहिजे. ट्रॅक्टर आणि विहिरीवरील डिझेल इंजिन यांत ठिणगी नसते. त्यांत हवा अतिशय दाबून तापविली जाते व त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा आपोआप पेट घेतो. तेव्हा पुढील विवेचन पेट्रोल, एल. पी. जी. किंवा सी. एन. जी. वर चालणाऱ्या इंजिनांपुरतेच समजावे.

ठिणगी अगोदर का पडावी लागते

पेट्रोल इंजिनात दट्ट्या म्हणजे पिस्टन खाली येताना हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढतो व वर जाताना ते दाबतो. दाबलेल्या मिश्रणात ठिणगी पडली की ते पेटते, त्याचा दाब वाढतो व तो दाब दट्ट्याला खाली ढकलतो. यावरून दट्ट्या अगदी वरच्या टोकास पोहोचला की ठिणगी पडत असावी, असा कोणाचाही समज होईल. वस्तुस्थिती तशी नाही. ठिणगी त्याच्या अगोदर पडावी लागते.

याचे कारण असे की, मिश्रणाचा एकदम भडका उडत नाही. उसाच्या फडातील पाचट एका बांधाकडून पेटविले तर आग दुसऱ्या बांधापर्यंत जाण्यास वेळ लागतो. (पाचट जाळू नये, ते कुजवून जमिनीत मिसळावे, हा सल्ला अर्थातच कायम आहे, येथे ते केवळ उदाहरणादाखल घेतले आहे.) त्याचप्रमाणे प्लगजवळ सुरू झालेली ज्योत सिलिंडरच्या दुसऱ्या कडेपर्यंत पसरावयास काही काळ लागतो. हा काळ दोन ते तीन सहस्रांश सेकंद, म्हणजे डोळ्याचे पाते लवण्यास लागणाऱ्या वेळापेक्षाही पुष्कळ कमी असतो. परंतु इंजिनाच्या दृष्टीने तो मोठाच आहे.

त्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. सावकाश चालणारे इंजिन मिनिटास ९०० फेरे घेते, म्हणजे सेकंदास १५ फेरे. एका फेऱ्यात ३६० अंश असतात. तेव्हा क्रँकचा दांडा सेकंदास ५,४०० अंश फिरतो. ज्योत पसरून दाब कमालीचा होण्यास तीन सहस्रांश सेकंद लागले, तर तेवढ्या अवधीत दांडा सुमारे १६ अंश फिरेल. दाब कमालीचा व्हावयास पाहिजे तो दट्ट्या वरच्या टोकावरून निघून सुमारे १२ ते १५ अंश खाली आल्यावर. कारण त्या स्थितीत त्याचा जोर क्रँकला सर्वांत चांगला लागू पडतो. म्हणजे ठिणगी वरच्या टोकापूर्वी तीन-चार अंश तरी पडली पाहिजे.

आता गाडी रस्त्यास लागली व फेरे ३,००० झाले असे समजू. दांडा आता सेकंदास १८,००० अंश फिरतो. वेगामुळे आतील मिश्रण चांगले घुसळले जाते व ज्योत लवकर पसरते, म्हणून दोनच सहस्रांश सेकंद लागले असे धरले, तरी तेवढ्यात दांडा ३६ अंश फिरतो. म्हणजे ठिणगी वरच्या टोकापूर्वी सुमारे २४ अंश पडावयास हवी. इंजिन तेच, पेट्रोल तेच. परंतु वेग वाढला की ठिणगीची वेळ पुढे ओढावी लागते. यालाच मिस्त्री लोक टायमिंग अॅडव्हान्स करणे असे म्हणतात. हे आकडे स्थूलमानाचे आहेत. प्रत्येक गाडीचे नेमके आकडे तिच्या पुस्तिकेत दिलेले असतात व तेच प्रमाण मानावेत.

वेगाखेरीज दुसरी गोष्ट भाराची. सपाट रस्त्यावर रिकामी गाडी चालली असता अॅक्सिलरेटर थोडाच दाबलेला असतो व सिलिंडरमध्ये मिश्रण कमी भरते. असे विरळ मिश्रण सावकाश जळते, म्हणून ठिणगी आणखी अगोदर लागते. याउलट घाट चढताना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतो, मिश्रण दाट भरते व झपाट्याने जळते. तेव्हा ठिणगी थोडी मागे घ्यावी लागते.

पेरणी वाफशावर झाली पाहिजे हे शेतकऱ्यास सांगावयास नको. अगोदर केली तर चिखलात बी कुजते व उशीर झाला तर ओल उडून जाते. ठिणगीचेही तसेच आहे. ती उशिरा पडली तर गॅस जळत असतानाच दट्ट्या खाली निघून जातो. जोर कमी मिळतो, पेट्रोल अधिक लागते, आणि न वापरलेली उष्णता धुराड्यावाटे जाताना इंजिन तापविते. ती फार लवकर पडली तर वर येणाऱ्या दट्ट्यावर उलटा दाब पडतो. जुन्या पेट्रोल जीपगाड्यांना हँडल मारून सुरू करताना हँडल उलटे फिरून मनगट मोडल्याची उदाहरणे जुन्या चालकांना आठवत असतील. वेळेआधी पडलेली ठिणगी हे त्याचे एक मुख्य कारण असे.

लवकर पडलेल्या ठिणगीचा याहून मोठा धोका म्हणजे नॉकिंग. ज्योत पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातील मिश्रण दाबाने व उष्णतेने आपोआप पेटते आणि पत्र्याच्या डब्यात खडे हालवावेत तसा आवाज येतो. चढावर भरलेली गाडी वरच्या गिअरमध्ये रेटली असता हा आवाज स्पष्ट ऐकू येतो. तो किरकोळ समजून गाडी तशीच चालविली तर दट्ट्याची कडा झिजते, रिंगा मोडतात आणि शेवटी दट्ट्याला भोकही पडते. इंजिन खोलण्याचा तो खर्च एखाद्या हंगामाच्या भाजीची कमाई खाऊन टाकू शकतो.

पॉइंट असलेला डिस्ट्रिब्युटर

बॅटरीच्या विजेने ठिणगी पाडण्याची पद्धत अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याने १९१० च्या सुमारास प्रचारात आणली. पुढे साठ-सत्तर वर्षे जगातील बहुतेक मोटारी तीच पद्धत वापरीत होत्या. आपल्याकडील जीप, फिअट व अॅम्बॅसॅडर या सर्व गाड्यांत ती होती.

या पद्धतीत कॉइलमध्ये तारेची दोन वेढाळी असतात. पहिल्या वेढाळ्यात बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह सोडला जातो. तो एकदम तोडला की दुसऱ्या वेढाळ्यात, ज्याचे फेरे सुमारे शंभरपट असतात, वीस हजार व्होल्ट व त्याहूनही अधिक दाबाची वीज क्षणभर उत्पन्न होते आणि प्लगच्या फटीतून ठिणगीच्या रूपाने उडी मारते. ठिणगी प्रवाह सुरू होताना पडत नाही, तो तुटताना पडते, हे नीट लक्षात ठेवावे. पुढील सर्व गोष्टी यावरच अवलंबून आहेत.

प्रवाह तोडण्याचे काम डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट करीत. डिस्ट्रिब्युटरचा दांडा क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यावरील उंचवटा पॉइंटला ढकलून उघडतो व त्याच क्षणी ठिणगी पडते. वर फिरणारा रोटर ती वीज टोपीतील ज्या तारेसमोर आला असेल त्या तारेतून योग्य त्या सिलिंडरकडे पाठवितो. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० चे उदाहरण घेतल्यास, तिच्या ७९६ घन सेंटिमीटरच्या इंजिनात तीन सिलिंडर असत व ठिणगीचा क्रम १-३-२ असा असे. ३,००० फेऱ्यांस अशा इंजिनात सेकंदाला ७५ ठिणग्या पडतात.

वेळ पुढेमागे करण्यासाठी डिस्ट्रिब्युटरमध्ये दोन साध्या युक्त्या होत्या. त्या काळी सेन्सर किंवा संगणक नसताना त्यांनी जे साधले ते कौतुकास्पद आहे. दांड्यावर स्प्रिंगने बांधलेली दोन वजने असत. वेग वाढला की ती बाहेर फाकत व उंचवट्याला पुढे सरकवीत. त्यामुळे पॉइंट लवकर उघडे. ही झाली वेगाची सोय. भारासाठी बाजूला एक गोल डबी असे. तिच्यातील पडदा एका नळीने कार्बोरेटरशी जोडलेला असे. अॅक्सिलरेटर थोडा दाबलेला असताना नळीतील ओढ पडद्याला खेचून पॉइंटची पाटी फिरवी. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की ओढ नाहीशी होऊन पाटी परत येई.

या व्यवस्थेतील दुबळा भाग म्हणजे पॉइंट. प्रत्येक ठिणगीबरोबर त्याची तोंडे थोडी जळत. उंचवट्यावर घासणारा तुकडाही झिजे. तो झिजला की पॉइंट उशिरा उघडत व ठिणगी नकळत मागे पडत जाई. गाडी कालच्यापेक्षा आज वाईट झाली असे कधीच वाटत नसे. सहा महिन्यांनी मात्र पेट्रोल अधिक लागते व चढावर दम राहिला नाही, हे ध्यानात येई. म्हणून दर काही हजार किलोमीटरला पॉइंट घासून त्याची फट पुन्हा साधावी लागे.

इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर

पॉइंट काढून टाकून त्याचे काम ट्रान्झिस्टरकडे देण्याची कल्पना १९७० नंतर व्यवहारात आली. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९७३ मध्ये आपल्या सर्व मोटारींत अशी व्यवस्था बसविली. पुढे आपल्याकडील गाड्यांतही ती आली.

यात उंचवट्याच्या जागी एक लहान दातेरी चक्र असते. जितके सिलिंडर तितके दाते. शेजारी लोहचुंबकावर गुंडाळलेली बारीक तारेची एक कॉइल असते. तिला पिकअप कॉइल म्हणतात. दाता जवळ येऊन दूर जाताना तिच्यात विजेचा सूक्ष्म ठोका उत्पन्न होतो. दाता व कॉइल यांमधील फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते, परंतु ती एकमेकांस स्पर्श करीत नाहीत. म्हणून झीज नाही. तो ठोका इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलकडे जातो व मॉड्यूल मुख्य कॉइलचा प्रवाह तोडते. काही डिस्ट्रिब्युटरांत पिकअपच्या ऐवजी हॉल सेन्सर असतो. अमेरिकन शास्त्रज्ञ एडविन हॉल याने १८७९ मध्ये शोधलेल्या चुंबकीय परिणामावर तो चालतो. चुंबक व सेन्सर यांच्यामधून खाचा असलेली पत्र्याची टोपली फिरते. पत्रा आड आला की सेन्सरचा संकेत बदलतो. अगदी सावकाश फिरत असतानाही तो स्पष्ट संकेत देतो, हा त्याचा विशेष गुण आहे.

पॉइंटमधून तीन-चार अँपिअरहून अधिक प्रवाह नेला तर ते लवकर जळत. ट्रान्झिस्टरला ती अडचण नाही. त्यामुळे कॉइलमधून अधिक प्रवाह नेता येतो व ठिणगी जोरदार पडते. थंडीच्या पहाटे गाडी लवकर सुरू होते. मात्र जुन्या गाडीची कॉइल नव्या व्यवस्थेस किंवा नवी जुनीस लावू नये. इलेक्ट्रॉनिक व्यवस्थेची कॉइल पॉइंटच्या गाडीस लावल्यास पॉइंट थोड्याच दिवसांत जळून जातात.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. इलेक्ट्रॉनिक हा शब्द ऐकून ठिणगीची वेळ आता यंत्र स्वतःच साधते, त्याकडे पाहावयास नको, असे गाडीवाले समजतात. पहिल्या पिढीतील इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटरबाबत हे खरे नाही. त्यात फक्त पॉइंट गेले. फाकणारी वजने व ओढीची डबी पूर्वीचीच राहिली. वजने गंजून अडकली अगर डबीतील पडदा फाटला, तर ठिणगी जोरदार पण चुकीच्या वेळी पडत राहते. ठिणगी चांगली दिसते म्हणून मिस्त्री दोष दुसरीकडे शोधतो.

ही तपासणी सोपी आहे. इंजिन बंद असताना टोपी काढून रोटर फिरण्याच्या दिशेने बोटाने किंचित वळवावा व सोडावा. तो स्प्रिंगने झटकन मागे आला पाहिजे. जागीच राहिला तर वजने अडकली आहेत असे समजावे. डबीला स्वच्छ नळीचा तुकडा लावून तोंडाने हवा ओढावी. आतील पाटी सरकली पाहिजे व नळीचे तोंड जिभेने बंद केले असता ती सरकलेल्या जागीच टिकली पाहिजे. लगेच परत आली तर पडदा फाटला आहे. अशा डबीमुळे सपाट रस्त्यावर पेट्रोल अधिक जळते.

सेन्सरांनी वेळ ठरविण्याची पद्धत

यानंतरची पायरी म्हणजे वजने व डबी दोन्ही काढून वेळ ठरविण्याचे काम संगणकाकडे देणे. १९७९ मध्ये जर्मनीतील बॉश कंपनीने पेट्रोलची फवारणी व ठिणगी यांचे नियंत्रण एकाच पेटीत आणून ती बी. एम. डब्ल्यू. च्या मोटारीत बसविली. आज लहानात लहान मोटारीतही अशी पेटी असते, आणि एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ चे नियम लागू झाल्यावर बहुतेक नव्या मोटारसायकलींतही ती आली.

या पेटीस प्रथम दांडा कोठे आहे हे कळावे लागते. त्यासाठी क्रँकच्या दांड्यावर दातेरी चक्र व त्यासमोर सेन्सर बसविलेला असतो. पुष्कळ गाड्यांत त्यावर साठ दात्यांच्या जागा असून दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात. प्रत्येक दाता म्हणजे ६ अंश. दाते मोजता मोजता रिकामी जागा आली की पेटीला खूण पटते व तेथून ती अंश मोजू लागते. दोन दात्यांमधील काळावरून वेगही कळतो. परंतु चार टप्प्यांच्या इंजिनात क्रँक दोन फेरे घेते तेव्हा एक आवर्तन पुरे होते. दट्ट्या वर आला आहे तो मिश्रण दाबताना की धूर बाहेर टाकताना, हे क्रँकवरून समजत नाही. ते सांगण्यासाठी झडपा उघडणाऱ्या कॅमच्या दांड्यावर दुसरा सेन्सर असतो.

भार किती आहे हे इनलेटच्या नळीतील दाब मोजणारा सेन्सर सांगतो. ओढीच्या डबीचे काम आता त्याच्याकडे आले. पाण्याचे तापमान सांगणाऱ्या सेन्सरवरून इंजिन थंड की गरम हे कळते. अॅक्सिलरेटर किती दाबला हे आणखी एक सेन्सर सांगतो. पेटीच्या स्मरणात एक कोष्टक भरलेले असते. अमुक वेग व अमुक भार असता ठिणगी अमुक अंश अगोदर. ठिणगी पाडण्यापूर्वी पेटी हे कोष्टक पाहते, तापमानाप्रमाणे थोडी दुरुस्ती करते, कॉइलमध्ये प्रवाह किती अगोदर सोडावयाचा तेही ठरविते व नेमक्या अंशावर तो तोडते. काही गाड्यांत वीज वाटण्यापुरता डिस्ट्रिब्युटर ठेवला जाई. आता प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसवून तोही काढला गेला आहे. सायलेन्सरच्या नळीतील ऑक्सिजन सेन्सरचा मात्र या कामी फारसा संबंध नाही; तो मुख्यतः पेट्रोलचे प्रमाण साधण्यासाठी असतो.

नॉक सेन्सर हा यांतील सर्वांत चतुर म्हणावयास हरकत नाही. तो इंजिनाच्या अंगावर घट्ट बोल्टने बसविलेला असतो व नॉकिंगचा विशिष्ट कंप ओळखतो. कंप जाणवताच पेटी ठिणगी काही अंश मागे घेते व आवाज थांबल्यावर हळूहळू पुन्हा पुढे आणते. हा सेन्सर सर्वच लहान गाड्यांत असतो असे नाही. जेथे तो आहे तेथे त्याचा बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळावा. सैल अगर अति घट्ट आवळल्यास तो चुकीचे ऐकतो.

इंधन व ठिणगीची वेळ

पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलेले असल्यास नॉकिंग होते, कारण रॉकेल दाबाखाली फार लवकर आपोआप पेटते. पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालविण्याचे लहान पंप पुष्कळांनी वापरले आहेत. त्यांत मिश्रण मुद्दामच कमी दाबले जाते, म्हणून ते तेथे चालते. मोटारीत तसे चालत नाही. नॉक सेन्सर असलेली गाडी ठिणगी मागे घेऊन इंजिन वाचविते, परंतु जोर जातो व इंधन अधिक लागते. डिस्ट्रिब्युटरच्या गाडीला तेवढेही संरक्षण नसते.

सी. एन. जी. ची गोष्ट उलट आहे. हा गॅस नॉकिंग होऊ देत नाही, परंतु सावकाश जळतो. त्यामुळे ठिणगी पेट्रोलपेक्षा अगोदर लागते. जुन्या गाडीस किट बसविताना वेळ पुढे घेणारे उपकरण बसविले नाही, तर गाडी चढावर मरगळते व धुराडे अतिशय तापते. किट बसविणाऱ्यास याविषयी अवश्य विचारावे. २०२३ पासून पंपांवर येऊ लागलेल्या २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे नॉकिंगचा धोका वाढत नाही, उलट तो कमी होतो. जुन्या गाड्यांत त्याचा विचार करावा लागतो तो रबरी नळ्या व कार्बोरेटरच्या दृष्टीने.

दोष शोधताना

गाडी एकाएकी बंद पडली की प्रथम ती रस्त्याच्या कडेला घेऊन मागे दगड व त्रिकोण लावावा. नंतर बॉनेट उघडून नुसते पाहावे. गोठ्याशेजारी किंवा कडब्याच्या गंजीजवळ उभ्या केलेल्या गाडीच्या तारा उंदीर कुरतडतात, हे कारण शहरातील पुस्तकांत क्वचितच दिलेले असते. खेड्यात ते नेहमीचे आहे. जोडण्या घट्ट आहेत काय, त्यांत हिरवट गंज आहे काय, इंजिनाची अर्थिंगची पट्टी तुटलेली नाही ना, हे पाहावे. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत दमट हवा शिरते व तिच्या आतून केसासारखी काळी रेघ उमटते. वीज प्लगकडे न जाता त्या रेघेने पळते. टोपी नुसती पुसून हा दोष जात नाही. ती बदलावी लागते. इंजिन जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने धुण्याची सवयही याच कारणासाठी सोडावी.

ठिणगी पाहण्यासाठी प्लगची तार हातात धरून बॉडीजवळ नेण्याची जुनी रीत इलेक्ट्रॉनिक व्यवस्थेत कटाक्षाने टाळावी. येथील दाब तीस हजार व्होल्टच्याही वर जातो. माणसास जबर धक्का बसतो, पेट्रोलची वाफ पेटू शकते, आणि विजेस वाट न मिळाल्यास मॉड्यूल जळते. यासाठी अर्थिंगला चिमटा लावण्याचे ठिणगी-परीक्षक मिळते, तेच वापरावे.

गाडी गरम झाल्यावर बंद पडते व थंड झाल्यावर सुरू होते, अशा वेळी क्रँकच्या सेन्सरचा किंवा मॉड्यूलचा संशय आधी घ्यावा. सेन्सरमधील केसासारखी तार उष्णतेने ताणून तुटक होते व थंड झाल्यावर पुन्हा चिकटते. म्हणून गॅरेजमध्ये थंड स्थितीत तपासले असता तो चांगलाच दिसतो! दोष पकडावयाचा तो गाडी बंद असतानाच. स्टार्टर मारताना फेरे दाखविणारा काटा शून्यावरून जराही हालला नाही, तर पुष्कळ गाड्यांत क्रँकचा संकेत येत नसल्याची ती खूण असते. सेन्सरवर ओले फडके ठेवून तो निवविल्यावर गाडी लगेच सुरू झाली, तर शंका जवळजवळ पक्कीच होते. दोन तारांच्या सेन्सरचा प्रतिरोध मीटरने मोजता येतो. मात्र तो गरम असतानाही मोजावा. हॉल सेन्सर ओहम मीटरने तपासू नये, त्यावरून काही समजत नाही.

डिस्ट्रिब्युटरमधील मॉड्यूल नवे बसविताना त्याच्या पाठीस उष्णता वाहून नेणारा पांढरा मलम लावावयाचा असतो. तो न लावल्यास नवे मॉड्यूलही लवकर जळते. मिस्त्रीला वेळ नसतो, म्हणून मलम आपण समोर उभे राहून लावून घ्यावा.

डिस्ट्रिब्युटर सैल करून कानाच्या अंदाजाने फिरविणे व आवाज चांगला वाटला की आवळणे, ही रीत सर्वत्र दिसते. मोकळ्या इंजिनाचा आवाज ठिणगी पुढे घेतली की चांगलाच वाटतो. नॉकिंग दिसते ते भार पडल्यावर, घाटात. म्हणून वेळ टायमिंग लाइटनेच साधावी. इंजिन पूर्ण गरम करावे, फेरे पुस्तिकेप्रमाणे ठेवावेत, ओढीच्या डबीची नळी काढून तिचे तोंड बंद करावे व मग पुलीवरील खूण पाहावी. सेन्सर असलेल्या गाडीत फिरविण्यासारखे काही नसते. तेथे इंजिनाचा पिवळा दिवा लागल्यास स्कॅनर लावून संकेत-क्रमांक वाचून घ्यावा व लिहून ठेवावा. क्रमांक अमुक सेन्सरच्या मंडलात दोष आहे एवढेच सांगतो. त्यात तारही आली व जोडणीही. तेव्हा सेन्सर विकत घेण्यापूर्वी त्या दोन्ही तपासाव्यात.

शेवटी एक गोष्ट, जी खेड्यात वारंवार घडते. क्रेट ठेवण्यासाठी गाडीवर कॅरिअर किंवा मागे हूक वेल्डिंगने जोडून घेतला जातो. वेल्डिंगचा प्रवाह बॉडीतून वाहताना इंजिनाच्या पेटीत शिरला तर ती कायमची निकामी होते व तिची किंमत कॅरिअरच्या कितीतरी पट असते. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची ऋण तार प्रथम व धन तार नंतर काढावी, पेटीची जोडणी सोडवावी, आणि वेल्डिंगचे अर्थिंग सांध्याच्या अगदी जवळ लावावे. काम झाल्यावर पेटीची जोडणी आधी, मग धन तार व सर्वांत शेवटी ऋण तार जोडावी.